भिजलेला

पुडका सुरतेला जाऊन आला होता.
उरळीहून निघालेला, वडाळ्याला यायचा,
कुणीतरी चिठ्ठीवरचा आकडा उलटा वाचला
आणि नऊ दिवस तो ट्रकांच्या पोटात फिरला.
बारदानावर खडूने लिहिलेलं: जिवंत माल, ऊन नको.
खडू पुसत आलेला. "जिवंत" एवढंच धड वाचता येत होतं.

गोदाम नंबर सतरामध्ये जिवंत असं काही येत नाही.
येतात पंख्यांची पाती, फरशीच्या पेट्या.
एकदा पितळी घंटा आली होती, ती उतरवताना वाजली,
तेवढंच.

यादगिरीने सुतळी कापली. आत
कोयनेलच्या एकशे वीस काड्या, दहा-दहाची जुडी,
माती झटकून टाकलेली मुळं
फणीत अडकलेल्या केसांसारखी.
ओल्या पोत्याचा वास यायला हवा होता,
कोरड्या पोत्याचा आला.

मी फोन लावला. ऑफिलिया परेरा, कलिना.
ओरडतील म्हणून आवाज आधीच मऊ केलेला.
त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, लिहून घ्या.
आधी सावली. मग बादलीत पाणी, मुळं बुडतील तेवढंच.
दोन तास. रात्रभर नाही हां, गुदमरतात,
मुळांनाही श्वास लागतो.
मग मातीत तिरपी निजवा, एकमेकींना टेकून.
उभी करू नका, फोटो नाही काढायचाय,
नुसता मुक्काम आहे.
माती नसली तर रेती चालेल.
मी येते. गुडघा सरळ झाला की येते.

माती नव्हती. टर्मिनलमध्ये जी आहे
ती डिझेल पिऊन काळी, तिच्यावर पाय घसरतो.
रेती होती:
भिंतीवर ओळीने टांगलेल्या लाल बादल्यांत,
बादल्यांवर पांढऱ्या अक्षरांत "आग".
बारा बादल्या, बारा जुड्या.
हिशेब इतका बरोबर जुळला की मला भीती वाटली.
आमच्याकडे हिशेब असा जुळत नाही.

साठ किलोची पेटी मानेवर फेकणारा यादगिरी,
त्याने एकेक काडी दोन बोटांत धरली.
रेतीत करंगळीने चर पाडला,
मुळांवर रेती ओढताना तेलुगूत काहीतरी पुटपुटला.
काय, ते मी विचारलं नाही.

चार दिवस, डबा खाऊन झाला की
हात धुतलेलं पाणी नाही, प्यायचं पाणी.

मंगळवारी आगीचा तपासनीस आला.
बादल्यांसमोर उभा राहिला, चष्मा पुसला, परत उभा राहिला.
आग लागली तर?
उपटू, यादगिरी म्हणाला.
तो हसला नाही. वहीत लिहिलं:
बादल्या बारा, रेती आहे.
जाताना एका पानाला बोट लावून गेला.

बाई आल्या भाच्याच्या पावाच्या टेंपोतून,
काठी टेकत, मागोमाग खमिराचा वास.
बोलल्या नाहीत. प्रत्येक काडीची साल
अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडायच्या,
खाली हिरवं दिसलं की पुढची.
एकशे वीस वेळा. मी मोजत होतो.
नऊ तपकिरी निघाल्या. त्याही टाकल्या नाहीत,
वेगळ्या बांधल्या, दोरा मात्र तसाच घट्ट.

मी म्हटलं, एवढ्या खटपटीपेक्षा भिंत घालायची.
म्हणाल्या, भिंत घातली की मोजणीवाले येतात.
हे वाढतं. वाढणाऱ्याला
परवाना कधी काढायचा, कुणाला कळत नाही.

पावतीवर मालाच्या अवस्थेचा शिक्का लागतो.
तीनच आहेत आमच्याकडे:
सुस्थितीत, फुटलेला, भिजलेला.
भिजलेला मारला की वरून विचारणा होते,
कुणाची चूक, पगारातून किती.
बाईंनी शेवटची जुडी उचलली तेव्हा
बारदानातून पाणी गळत होतं
टेबलावर, वहीवर, माझ्या बाहीवर,
सुरतेच्या नऊ दिवसांवरही थोडंसं.

मी शाईची डबी उघडली.
भिजलेला.
आणि बाईंना म्हटलं, भरपाईचा अर्ज
एवढा भरू नका.